केम्निट्झ: पाटीवरचं नाव आणि चौकातलं टाळकं

2025 मध्ये स्लोव्हेनियातल्या नोव्हा गोरित्साबरोबर जर्मनीतलं केम्निट्झ युरोपची सांस्कृतिक राजधानी झालं. त्याआधी हे शहर जगभर गाजलं होतं ते 2018 च्या ऑगस्टमध्ये, एका खुनानंतर उसळलेल्या परदेशीविरोधी मोर्चांमुळे. दोन्ही वेळी छायाचित्रांत एकच गोष्ट हटकून दिसली: कार्ल मार्क्सचं अवाढव्य काळं डोकं.

स्पेलिंगकडे बघून 'चेम्निट्झ' म्हणावंसं वाटतं, पण उच्चार 'के'नेच होतो. नाव मुळात जर्मन नाही, स्लाव्ह आहे. दगडाळ ओढा असा त्याचा अर्थ. बाराव्या शतकापासूनचं हे गाव कापड विणून आणि पुढे यंत्रं घडवून मोठं झालं. त्याला 'सॅक्सनीचं मँचेस्टर' म्हणत; सॅक्सनी म्हणजे जर्मनीच्या पूर्वेचा हा प्रांत, लायपझिग आणि ड्रेस्डेन ही त्यातलीच शहरं. पैसा केम्निट्झने कमवायचा, लायपझिगने फिरवायचा आणि ड्रेस्डेनने उडवायचा, अशी तिकडे म्हणच आहे. मार्च 1945 च्या बाँबहल्ल्यात शहराचा मध्यभाग बहुतेक जमीनदोस्त झाला.

खरा गुंता 1953 चा. ते वर्ष पूर्व जर्मनीत 'कार्ल मार्क्स वर्ष' म्हणून साजरं होत होतं आणि एखाद्या शहराला त्यांचं नाव द्यायचं ठरलं होतं. मान मिळणार होता ओडर नदीकाठी पोलाद कारखान्यासाठी नव्याने वसवलेल्या वसाहतीला. पण मार्चमध्ये स्टालिन वारले आणि ती वसाहत स्टालिनश्टाट झाली. मार्क्सचं नाव उरलं, ते 10 मे 1953 रोजी केम्निट्झच्या पदरात पडलं आणि शहर झालं कार्ल-मार्क्स-श्टाट ('श्टाट' म्हणजे शहर). कामगारांचं जुनं शहर म्हणून हीच जागा योग्य, असं समर्थन झालं. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. पण मार्क्सचा जन्म पार पश्चिमेकडच्या ट्रीअरचा, केम्निट्झशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. रहिवाशांना तर कोणी विचारलंच नाही. (स्टालिनश्टाटची पाटी 1961 मध्येच उतरली. केम्निट्झचा मार्क्स जास्त टिकला.)

लोकांनी सूड उगवला तो बोलीतून. सॅक्सन तोंडात 'कार्ल-मार्क्स-श्टाट'चं 'कोर्ल-मोर्क्स-श्टोट' होतं, म्हणून हे झालं 'तीन ओंचं शहर'. 1971 मध्ये सोव्हिएत शिल्पकाराचं सात मीटर उंच, सुमारे 40 टनांचं ब्राँझचं डोकं चौथऱ्यावर बसवलं. त्यालाही लगेच टोपणनाव मिळालं: 'निशल'. मराठीत चपखल शब्द, टाळकं.

नावावर मतदान झालं ते बर्लिनची भिंत पडल्यावर, एप्रिल 1990 मध्ये. सुमारे 76 टक्के लोकांनी जुन्या नावाला कौल दिला आणि 1 जूनपासून केम्निट्झ परत आलं. जवळपास एक चतुर्थांश लोकांचा कौल वेगळा होता, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

टाळकं हलवावं असाही सूर तेव्हा निघाला होता. ते हललं नाही. मागच्या इमारतीवर 'जगातील कामगारांनो, एक व्हा' ही घोषणा आजही चार भाषांत आहे. 1953 ते 1990 दरम्यान तिथे जन्मलेल्यांच्या जन्मदाखल्यावरही गाव कार्ल-मार्क्स-श्टाटच.