हाताच्या घट्ट्यांवरून कळलेला आजार

इटिंग डिसऑर्डर, म्हणजे खाण्याशी निगडित मानसिक आजार, म्हटलं की सगळ्यांना एकच चित्र आठवतं, बरगड्या दिसणारी, हाडाची काडं झालेली मुलगी. तो झाला ॲनोरेक्सिया. पण बुलिमिया नावाचा दुसरा आजार आहे आणि त्यात बहुतेक पेशंटचं वजन चारचौघांसारखंच असतं, म्हणून तो घरच्यांना कळत नाही, फॅमिली डॉक्टरलाही कळत नाही आणि अशीच वर्षं निघून जातात.

याचं पहिलं नीट वर्णन केलं ते जेराल्ड रसेल यांनी, लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमधले सायकियाट्रिस्ट. १९७२ ते १९७८ या काळात त्यांच्याकडे जे पेशंट आले त्यातल्या ३० जणांवर (२८ बायका, २ पुरुष) त्यांनी १९७९ मध्ये पेपर लिहिला आणि आजाराला बुलिमिया नर्व्होसा हे नाव दिलं. तीन गोष्टी सगळ्यांमध्ये दिसत होत्या: खाण्यावरचा ताबा सुटून एका बैठकीत प्रचंड खाणं, मग ते उलटी किंवा जुलाबाच्या औषधांनी बाहेर काढणं, आणि जाड होण्याची जबरदस्त भीती. यातल्या बऱ्याच जणी आधी ॲनोरेक्सियातून गेलेल्या होत्या.

मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की या माणसाने पेशंटचे हात बघितले. काहींच्या मुठीवर, बोटं जिथून सुरू होतात त्या हाडांवर घट्टे पडलेले, जुने व्रण होते, घशात बोटं घालून उलटी काढताना दात तिथे घासून घासून झालेले. आजही मेडिकलची मुलं याला रसेल्स साइन म्हणूनच शिकतात. अर्थात घट्टे नाहीत म्हणजे आजार नाही असं अजिबात नाही, खूप जणांना ते येतच नाहीत. दुसऱ्या खुणा दातांच्या डॉक्टरला आधी दिसतात, पुढच्या दातांचं आतल्या बाजूचं इनॅमल ॲसिडने झिजलेलं असतं. आणि कानाखालच्या लाळेच्या ग्रंथी सुजून गाल भरल्यासारखे दिसतात, आता विचार करा, जिला जाड व्हायची एवढी धास्ती तिला लग्नाकार्यात कुणीतरी मावशी येऊन म्हणते, "अगं, चेहरा छान भरलाय गं तुझा!"

खरा धोका मात्र बाहेरून दिसतच नाही. सारख्या उलट्या-जुलाबांनी रक्तातलं पोटॅशियम घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात, जिवावर बेतू शकतं. रसेल यांनी हे पहिल्याच पेपरात बजावून ठेवलं होतं.

मग एवढं खाणं होतंच कशाने? लोक म्हणतात जिभेवर ताबा नाही. पण अन्सेल कीज या शास्त्रज्ञाचा १९४४-४५ मधला अमेरिकेतल्या मिनेसोटाचा प्रयोग बघा, ३६ धडधाकट तरुणांना जवळपास सहा महिने अर्धपोटी ठेवलं तर ती पोरं दिवसभर जेवणाचाच विचार करायला लागली, रेसिपीची पुस्तकं वाचत बसायची, आणि नंतर पोटभर मिळायला लागल्यावरही काही जणांचं खाणं आवरता आवरेना. त्यांना आधी कुठलाही आजार नव्हता हो! म्हणजे कडक डाएट आधी, त्यातून सुटलेलं खाणं, मग उलटी, मग अपराधी वाटून आणखी कडक डाएट, असं ते चक्र फिरत राहतं.

ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी १९८०च्या दशकात याच चक्रावर बोट ठेवून बुलिमियासाठी सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी टॉक थेरपी) बसवली. त्यातली सुरुवातीची मोठी पायरी ऐकून लोकांना गंमत वाटते, कारण बालपण उकरून काढणं वगैरे काही नाही, फक्त वेळेवर खायचं. तीन जेवणं, दोन-तीन वेळा मधलं खाणं, चार तासांपेक्षा जास्त गॅप नाही. काल रात्री जास्त खाल्लं म्हणून आज नाश्ता बंद हे चालत नाही, आणि पेशंटला सगळ्यात अवघड जातं ते नेमकं हेच. काय खाल्लं, कधी खाल्लं, तेव्हा मनात काय चाललं होतं, हे लगेच लिहून ठेवायचं. साधारण २० सेशन्स. सगळे बरे होतात असं नाही, पण मोठ्या माणसांच्या बुलिमियासाठी आजही पहिल्या पसंतीच्या उपचारांत हीच थेरपी आहे.

कोणाबद्दल शंका आली तर "वजन तर नॉर्मल आहे की" म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना उलट्यांबद्दल स्पष्ट सांगायचं आणि पोटॅशियमची टेस्ट करायची का ते विचारायचं. आणि कुणाशी बोलायचं हेच कळत नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.