आधी उंची मोजा, मग तिकीट काढा
लहान मुलांना घेऊन थीम पार्कला निघालेल्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या बुकिंग फॉर्मवर मुलाच्या वयाच्या आधी उंचीचा रकाना आहे. बरेच पालक तो मोकळा सोडतात, किंवा 'साधारण एक मीटर' असं लिहून मोकळे होतात. तो अंदाज दोन सेंटिमीटरने चुकला तरी काय होतं ते सांगतो. पाऊण तास रांगेत उभं राहिल्यावर मोजपट्टीपाशी मूल परत पाठवलं जातं, आणि पुढचा अर्धा तास त्याची समजूत काढण्यात जातो. पार्कातल्या बहुतेक रडारडीचं मूळ थकवा, भूक किंवा ही पट्टी, या तिघांपैकी एकात असतं. तिन्हींवर घरूनच तोड काढता येते.

उंची

मुलाला अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून उभं करा. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक आडवं धरा आणि त्याच्या खालच्या कडेशी पेन्सिलने खूण करा. मोजणी संध्याकाळी करा. दिवसभर उभं राहून-चालून मणक्यांमधल्या चकत्या थोड्या दबतात, त्यामुळे सकाळची उंची संध्याकाळी एखाद्या सेंटिमीटरने कमी भरू शकते. पार्कातली पट्टी दुपारी चारलाही लावली जाते, तेव्हा सकाळच्या आकड्यावर विसंबू नका. अंबाडा आणि टोपी धरत नाहीत. साधे बूट सहसा चालतात. तळवा जाड दिसला तर काढायला सांगतात.

इंचांत मोजणाऱ्या पार्कांमध्ये १०२, १०७, ११२, १२२ सेंटिमीटर असे विचित्र वाटणारे आकडे दिसतील. ते मुळात ४०, ४२, ४४ आणि ४८ इंच आहेत. मेट्रिक पार्कांत बहुधा ९०, १००, १२०, १४० असे सरळ आकडे असतात. प्रत्येक राइडपाशी दोन मर्यादा असू शकतात, एकट्याने बसण्याची आणि मोठ्या माणसासोबत बसण्याची. अगदी छोट्यांच्या राइडवर कमाल उंचीही असते, म्हणजे सहा-सात वर्षांच्या ताईला धाकट्याच्या विमानात बसू देतीलच असं नाही.

'एक सेंटिमीटरच तर कमी आहे' म्हणून कर्मचाऱ्याशी वाद घालू नका. मांडीवर येणारा दांडा किंवा खांद्यावरून येणारा पट्टा ठरावीक मापाच्या शरीरासाठी बनवलेला असतो. त्याहून लहान मूल त्याखालून घसरू शकतं, आणि सूट देण्याचा अधिकार दारावरच्या कर्मचाऱ्याला नसतोच. बुटात कागद कोंबून पट्टी गाठणारे पालकही असतात. तसं करू नका, एवढंच सांगतो.

जिथे दोघांना मिळून एकच दांडा असतो, तिथे तो मोठ्या माणसाच्या मांडीवर अडतो आणि शेजारच्या मुलाच्या मांडीवर मोकळी जागा राहते. असं मूल मागे टेकून बसलेलं आणि दोन्ही हातांनी दांडा धरलेलं हवं. गोल फिरणाऱ्या राइडमध्ये शरीर बाहेरच्या बाजूला रेटलं जातं, म्हणून मोठ्याने बाहेरच्या कडेला बसायचं आणि मुलाला आतल्या बाजूला घ्यायचं. उलट बसलात तर तुमचं सगळं वजन मुलावर येतं.

तीन ते पाच वयात मुलं वर्षाला साधारण सहा-सात सेंटिमीटर वाढतात. ज्या राइडसाठी मूल हटून बसलंय तिच्या मर्यादेला दोन-तीन सेंटिमीटर कमी पडत असतील, तर सहल चार-सहा महिने पुढे ढकलणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

वय आणि तिकीट

अमेरिकेतल्या डिस्ने पार्कांत तीन वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, तर टोकियोत मुलांचं तिकीट चार वर्षांपासून सुरू होतं. काही पार्क वय न बघता उंचीवर तिकीट ठरवतात. तेव्हा 'लहान मुलांना मोफत' हे वाक्य प्रत्येक पार्कासाठी नव्याने तपासा आणि वयाचा पुरावा जवळ ठेवा. त्याच बैठकीत दुरुस्तीसाठी बंद असणाऱ्या राइडची यादीही पाहून घ्या. बहुतेक पार्क ती आधी जाहीर करतात. मूल ज्या एका राइडसाठी येतंय तीच बंद असेल, तर तारीख बदलणं उत्तम.

रांगेचं गणित

इथे अनुभवी पालकही फसतात. लांब रांग म्हणजे जास्त वेळ, असं नसतं. राइड तासाला किती माणसं उरकते त्यावर सगळं ठरतं.

चिमुकल्यांची गोल फिरणारी विमानं घ्या. १६ विमानं, प्रत्येकात दोघं, म्हणजे एका फेरीत ३२ जण. फेरी दीड मिनिटाची, पण मुलांना उचलून बसवणं, पट्टे लावणं, एकेक पट्टा ओढून पाहणं आणि मग पुन्हा उतरवणं धरलं तर चार मिनिटं जातात. तासाला १५ फेऱ्या झाल्या, तर ४८० माणसं. रांगेत २४० जण असतील तर तुमचा अर्धा तास गेला. आणि प्रत्यक्षात काही विमानांत एकेकटंच मूल बसतं, म्हणून वेळ याहून जास्तच लागतो. याउलट होड्यांची मोठी राइड न थांबता माणसं भरत राहते आणि तासाला दीड-दोन हजार लोक सहज नेते. तिची रांग इमारतीबाहेर आलेली दिसली तरी ती सरकत असते, आणि सरकणाऱ्या रांगेत मूल कमी कुरकुरतं.

यावरून एक नियम निघतो. दार उघडल्यावर गर्दी मोठ्या रोलर कोस्टरकडे धावते, तेव्हा तुम्ही छोट्या, कमी माणसं घेणाऱ्या राइड उरकून घ्या. पहिल्या तासात अशा तीन-चार होतात. दुपारी तेवढ्याच वेळात एक होते. होड्या, आगगाडी, मोठी नाट्यगृहं दुपारसाठी राखा. मिरवणूक चालू असताना आणि बंद व्हायच्या आधीच्या तासात रांगा पुन्हा आखूड होतात, पण लहान मुलासाठी तो शेवटचा तास धरूच नका.

उघडण्याच्या वेळेच्या ३० ते ४५ मिनिटं आधी दारापाशी हवं. दारापाशी म्हणजे पार्किंगमध्ये नव्हे. गाडी लावणं, बाबागाडी उघडणं, बॅगेची तपासणी आणि पहिली शौचालयाची फेरी, यात अर्धा तास कुठे जातो कळत नाही.

एक मूल छोटं, एक मोठं

धाकटं बसू शकत नाही म्हणून आईबाबांपैकी एकाने दिवसभर बाकावर बसायची गरज नाही. बऱ्याच मोठ्या पार्कांत अदलाबदलीची सोय असते, कुठे तिला रायडर स्विच म्हणतात, कुठे चाइल्ड स्वॅप. सगळं कुटुंब मिळून राइडच्या प्रवेशापाशी जा आणि तिथल्या कर्मचाऱ्याला धाकटं मूल दाखवून सांगा. एक जण थोरल्याला घेऊन रांगेत जातो, दुसरा धाकट्याला सांभाळतो. पहिला परतला की दुसऱ्याला पूर्ण रांग लावावी लागत नाही. अनेक ठिकाणी दुसऱ्यासोबत एखाद्याला नेता येतं, म्हणजे थोरल्याला दोनदा बसायला मिळतं. मात्र हे आधी सांगायचं. राइड झाल्यावर विचारलंत तर नकारच येतो.

दुपारची झोप

दिवसाचा आराखडा नकाशाभोवती नको, झोपेभोवती बांधा. मूल रोज एक वाजता झोपत असेल तर साडेबाराला जेवण संपलेलं हवं. एक ते तीन ही वेळ उन्हाची आणि सगळ्यात लांब रांगांचीही असते, त्यामुळे तेव्हा झोपवलंत तर फारसं काही हुकत नाही. मुक्काम १५-२० मिनिटांवर असेल तर सरळ बाहेर पडा आणि चारला परत या. त्याआधी त्याच दिवशी पुन्हा आत येता येतं का, हे दारावर विचारून घ्या. मुक्काम लांब असेल तर पाठ आडवी होणारी बाबागाडी न्या आणि स्पीकरपासून दूरची सावली शोधा.

झोपलेल्या मुलावर ऊन नको म्हणून बाबागाडीवर जाड पांघरूण टाकतात. हे करू नका. आत हवा कोंडते आणि तापमान झपाट्याने वाढतं. गाडीची स्वतःची छत्री वापरा आणि जागा बदला.

बाबागाडीच्या मापालाही मर्यादा असते. अमेरिकेतल्या डिस्ने पार्कांत मे २०१९ पासून ७९ सेंटिमीटरहून रुंद किंवा १३२ सेंटिमीटरहून लांब गाडी आत नेता येत नाही, आणि सामान ओढायच्या चारचाकी गाड्यांना पूर्ण बंदी आहे. जुळ्यांच्या शेजारी-शेजारी आसनांच्या गाड्या मोजूनच निघा. राइडबाहेर लावलेली गाडी कर्मचारी रांग लावताना सरकवतात, म्हणून ती जागेवर दिसली नाही तर चोरीला गेली असं लगेच समजू नका. दांड्याला भडक रंगाची रिबन बांधली की पन्नास सारख्या गाड्यांत आपली ओळखू येते. पैसे आणि पासपोर्ट तिच्यात कधीच ठेवू नका.

भीती

दोन ते पाच वयाची मुलं वेगाला सहसा घाबरत नाहीत; घाबरतात ती अंधाराला आणि अचानक होणाऱ्या आवाजाला. 'सौम्य' म्हणून लिहिलेली अंधारी राइड कित्येकदा उघड्यावरच्या लहान कोस्टरपेक्षा जड जाते. आदल्या दिवशी त्या राइडचा प्रवाशाच्या जागेवरून घेतलेला व्हिडिओ मुलाला दाखवा, आवाज चालू ठेवून. पुढे काय येणार हे माहीत असलं की अर्धी भीती जाते. रांगेतून शेवटच्या क्षणीही बाहेर पडता येतं. गाडीत बसायच्या आधी कर्मचाऱ्याला सांगा. 'आता एवढं थांबलोय तर बसच' हे वाक्य पुढच्या सगळ्या राइड घालवतं.

मोठ्या मुखवट्यातली पात्रं लांबून गोंडस आणि जवळून राक्षसी दिसतात. मुलाला ढकलू नका. आधी दहा पावलांवरून हात हलवू द्या. आतिशबाजीच्या वेळी कानावर मुलांच्या मापाचे आवाजरोधक हेडफोन लावा.

एक बारीकशी भीती कोणी सांगत नाही. सेन्सरवर आपोआप पाणी सोडणारं शौचालय. मूल लहान असल्यामुळे सेन्सरला ते नीट दिसत नाही आणि ते बसलेलं असतानाच खाली धबधबा सुटतो. एकदा असं झालं की मूल दिवसभर शौचालयात पाऊल टाकत नाही. चिकट कागदाचे चार तुकडे पाकिटात ठेवा, मूल बसायच्या आधी सेन्सरवर एक चिकटवा, उतरल्यावर काढा.

पोट, पाणी, ऊन

गोल फिरणारी राइड जेवणानंतर निदान तासभर नको. दोन वर्षांखालच्या मुलांना गरगरून उलटी होणं विरळ. दोन ते बारा हे वय त्याचं. बॅगेत झिप लागणाऱ्या दोन प्लास्टिक पिशव्या असू द्या, एक त्या कामासाठी आणि एक कोरड्या कपड्यांसाठी. मूल तहान लागली म्हणून सांगत नाही, चिडचिड करतं, म्हणून दर वीसेक मिनिटांनी दोन घोट पाजा. एकदम बाटलीभर दिलंत तर रांगेच्या मध्यावर शौचालय आठवतं. सनस्क्रीन निघण्याआधी १५-३० मिनिटं लावा, मग दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा. सहा महिन्यांखालच्या बाळाला मुख्यतः सावली आणि सुती कपडेच.

पाण्यात खेळायच्या जागी साधा डायपर फुगून लोंबतो, म्हणून पोहण्याचा डायपर लागतो. पण तो लघवी शोषत नाही, म्हणून पाण्याच्या दारापाशीच घाला. ओल्या अंगाने वातानुकूलित नाट्यगृहात नेलंत तर पाच मिनिटांत दात वाजायला लागतील.

मूल हरवलं तर

सकाळी पार्कात शिरताना मुलाचा उभा फोटो काढा. गोंधळाच्या क्षणी शर्टाचा रंग आठवत नाही. तुमचा मोबाइल नंबर मुलाच्या मनगटाच्या आतल्या बाजूला किंवा शर्टाच्या आत लिहा, नाव बाहेर दिसेल असं लिहू नका. अनोळखी माणसानेही नावाने हाक मारली की मूल त्याच्याकडे जातं. छातीवर नावाची पट्टी असलेल्या गणवेशातल्या माणसाकडे जायचं, हे मुलाला पार्कात शिरल्यावर असा एक माणूस प्रत्यक्ष दाखवूनच शिकवा.

मूल दिसेनासं झालं की एक जण जागीच उभा राहील, दुसरा सगळ्यात आधी जवळच्या पाण्याकडे जाईल, आणि लगेच जवळच्या कर्मचाऱ्याला सांगायचं. 'आधी आपणच शोधू' यात दहा मिनिटं घालवू नका.

निघताना

बहुतेक राइडचा बाहेरचा रस्ता दुकानातून जातो. दिवसभरात एकच वस्तू आणि ती शेवटी, हे सकाळीच ठरवा. मधे जे आवडेल त्याचा फोनवर फोटो काढायचा. संध्याकाळी त्या फोटोंतून एक निवडायची. निम्मे फोटो मूल स्वतःच बाद करतं.

आतिशबाजी संपल्यावर सगळा पार्क एकाच दाराकडे लोटतो. ती बघायचीच असेल तर दाराच्या बाजूला उभे राहा, किंवा संपल्यावर अर्धा तास आत थांबा. गाडीच्या रांगेचा क्रमांक सकाळीच फोटोत टिपलेला असू द्या. मुलाचे रात्रीचे कपडे आणि ओला रुमाल गाडीतच ठेवा. सीटच्या पट्ट्यात अडकवण्याआधी कपडे बदलले की घरी पोचल्यावर झोपलेल्या मुलाला उठवावं लागत नाही.