‘समान काम’ म्हणजे नेमके कोणते? इंजिनिअर महिलांच्या पगाराची पार्श्वभूमी

भारतात महिलांनी इंजिनिअरिंगच्या पदव्या 1940 च्या दशकातच मिळवल्या, पण कारखान्याचे दार त्यांच्यासाठी उघडायला फार वेळ लागला. 1948 च्या कारखाना कायद्याने महिलांना रात्री 10 ते पहाटे 5 या वेळेत कामावर ठेवायला मनाई केली. तीन पाळ्यांत चालणाऱ्या उद्योगाला त्यांना नाकारायला आयते कारण मिळाले. 1974 मध्ये एका मोटार कंपनीने भरतीच्या जाहिरातीत महिलांनी अर्ज करू नये असे उघड छापले. एका विद्यार्थिनीने उद्योगसमूहाच्या प्रमुखाला पोस्टकार्ड पाठवून जाब विचारला आणि तिला नोकरी मिळाली. कायद्याच्या आधाराने मात्र तिला भांडता आले नसते, कारण खासगी कंपनीला अशी जाहिरात देण्यापासून रोखणारा कायदाच नव्हता.

तो आला पुढच्या वर्षी, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, अध्यादेशाच्या रूपाने. 1976 मध्ये त्याचा समान वेतन कायदा झाला. त्यात भरतीतल्या भेदभावाला बंदी होती. बढती, प्रशिक्षण आणि बदली हे शब्द 1987 च्या दुरुस्तीने आले.

खरी गाठ आहे ती वेतनाच्या कलमातल्या शब्दांत. 1951 च्या आंतरराष्ट्रीय कराराची भाषा ‘समान मूल्याच्या कामाला समान मोबदला’ अशी आहे आणि भारताने तो 1958 मध्ये स्वीकारला. कायद्यात मात्र शब्द आले ‘तेच किंवा समान स्वरूपाचे काम’. मूल्य म्हटले की दोन वेगळ्या कामांची तुलना करता येते. स्वरूप म्हटले की जवळपास तेच काम करणारा पुरुष शोधून दाखवावा लागतो. माझ्या मते पुढची सगळी पळवाट इथूनच सुरू होते. मुंबईतल्या एका जहाज कंपनीने हेच केले. वरिष्ठांच्या हाताखालच्या महिला लघुलेखिकांचा तिने वेगळा गट दाखवला. त्या गटात पुरुषच नाही, मग भेदभाव कुठला, असा तिचा युक्तिवाद होता. 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. कामाला नाव काय दिले ते नव्हे, प्रत्यक्ष काम काय होते ते बघा, असा त्या निकालाचा रोख आहे. आर्थिक अडचणीची सबबही न्यायालयाने ऐकली नाही.

1991 मध्ये पुण्यात मुलींसाठी स्वतंत्र इंजिनिअरिंग कॉलेज निघाले. त्याच वर्षी आर्थिक धोरण बदलले आणि परदेशी कामाचा ओघ सुरू झाल्यावर सॉफ्टवेअर कंपन्यांनी मुलींना मोठ्या संख्येने घेतले. कॅम्पसमधून एकत्र रुजू होणाऱ्यांना पॅकेज बहुधा सारखेच असते. फाटा फुटतो तो पुढे. टेस्टिंग की डेव्हलपमेंट, ऑनसाइट म्हणजे परदेशी ग्राहकाकडे कोण जाणार, कोणाला कोणता बँड म्हणजे पगाराची श्रेणी, हे ठरता ठरता. नोकरी बदलताना एचआर मागच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा मागते आणि त्यावर टक्के चढवते. एकदा मागे राहिलेली इंजिनिअर त्या हिशेबात पुढेही मागेच राहते. 2017 मध्ये प्रसूती रजा 12 वरून 26 आठवड्यांवर गेली. हे हवेच होते, पण त्या रजेच्या पगाराचा भार मालकावरच ठेवल्याने तरुण मुलगी ‘महाग’ ठरवायला आणखी एक निमित्त मिळाले.

त्याच वर्षी ब्रिटनने 250 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना स्त्री-पुरुष पगारातली तफावत जाहीर करायला लावले. त्याच कंपन्यांची केंद्रे हिंजवडीत आणि बंगळुरूत असली, तरी इथले पगार त्या आकड्यांत येत नाहीत.

भारतात 2019 ची वेतन संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आणि 1976 चा कायदा तिच्यात विरला. ‘समान स्वरूपाचे काम’ तसेच राहिले. जुन्या व्याख्येत कौशल्य, श्रम आणि जबाबदारी हे तीन निकष होते. नव्या व्याख्येत चौथा घातला आहे: अनुभव. हा निकष कामाला लागणाऱ्या अनुभवाचा आहे. बाळंतपणानंतर दोन वर्षांनी परतलेल्या इंजिनिअरच्या बायोडेटातली मोकळी जागा त्यात मोजायची की नाही, यावर आता वाद होणार आहेत.