छाती हलतेय, मग माणूस गेला कसा?

इंदूरच्या एबी रोडवरच्या अपघातात डोक्याला मार लागलेला एखादा तरुण आयसीयूत असतो. छाती वरखाली होत असते, हात कोमट लागतो, मॉनिटरवर ठोके नीट पडत असतात. आणि डॉक्टर सांगतात, मेंदू मेलाय, तो गेला. पाठोपाठ अवयवदानाचं विचारतात. कायदा 1994 चा, पण 2011 च्या दुरुस्तीनंतर हे विचारणं रुग्णालयांवर बंधनकारकच आहे. राजेंद्रनगरहून धावत आलेले काका म्हणतात, "अहो, श्वास चालू आहे ना त्याचा!" काका अडाणी नाहीत. डोळ्यांना दिसतंय तेच ते बोलतात.

तो श्वास व्हेंटिलेटरचा असतो. हृदय मात्र खरोखर स्वतःच धडधडत असतं. त्याच्या वरच्या उजव्या कप्प्यात पेशींचा एक पुंजका आहे, तो स्वतःच्या लयीत विजेचे स्पंद सोडतो. मेंदू फक्त वेग कमीजास्त करतो. त्यामुळे रक्तात ऑक्सिजन असेपर्यंत, मेंदू मेल्यावरही ठोके काही तास, कधी काही दिवस पडत राहतात.

मेंदू मरतो कसा? मार लागला की तो सुजतो, आणि कवटीत फुगायला जागा नसते. आतला दाब रक्तदाबाच्या वर गेला की मेंदूकडे रक्त चढतच नाही. त्यात तळाचा ब्रेनस्टेमही मरतो, आणि श्वासाची सूत्रं तिथेच असतात. कोमात ब्रेनस्टेम बहुधा जिवंत असतो. कोमातून लोक परत येतात ते म्हणूनच.

तपासणीत बाहुल्यांवर उजेड टाकतात, बुबुळाला कापसाची वात लावतात, कानात बर्फाचं पाणी सोडतात. शेवटी अॅप्निया टेस्ट. व्हेंटिलेटर काढतात, नळीतून नुसता ऑक्सिजन चालू ठेवतात आणि छातीकडे बघत थांबतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो. आपण मुद्दाम श्वास कोंडून धरला, तर याच वायूमुळे ब्रेनस्टेम थोड्याच वेळात आपल्याला जुमानेनासा होतो. इथे त्याचा दाब पाऱ्याच्या 60 मिलिमीटरपर्यंत चढला तरी छाती हलत नाही. हे सगळं दोनदा, मध्ये किमान 6 तास ठेवून, चार डॉक्टर मिळून ठरवतात. प्रत्यारोपण करणाऱ्या टीममधला त्यांत कोणी नसतो.

एवढ्यावरही कधी कधी हात हलतो. अगदी कोपरातून उचलून छातीवरही येतो. ती हालचाल पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूची असते, मेंदूचा तिच्याशी संबंध नसतो. पण हे आधी कोणी सांगितलं नसेल, तर आईने डॉक्टरांवर का विश्वास ठेवावा? माझं तर स्पष्ट मत आहे की घरच्यांची तयारी असेल तर अॅप्निया टेस्ट त्यांच्यासमोरच करावी. बंद दाराआड झालेल्या तपासणीवर सही मागणं म्हणजे त्यांना स्वतःचे डोळे खोटे ठरवायला सांगणं झालं.

वेळही फार नसतो. मेंदू गेला की लघवी आवरणारं संप्रेरक आटतं, लिटरच्या लिटर पाणी निघून जातं, रक्तदाब ढासळतो. शरीराचं तापमानही राखावं लागतं. अवयव काढल्यावर हृदय आणि फुप्फुसांना 4 ते 6 तास मिळतात, यकृताला 8 ते 12, मूत्रपिंडांना साधारण 24 ते 36. म्हणून तर इंदूरमध्ये ग्रीन कॉरिडॉर करून रुग्णालयापासून विमानतळापर्यंतचा रस्ता मोकळा ठेवतात.

हो म्हणणाऱ्या घराला याचं काय मोजावं लागतं, हे बातमीत सहसा येत नाही. त्यांचा माणूस आणखी कित्येक तास आत असतो. दोन तपासण्यांमधले 6 तास, मग शस्त्रक्रिया. अपघात असल्यामुळे पोलिसांचा पंचनामा आणि पोस्टमॉर्टेमही असतं. देवास-उज्जैनहून निघालेले पाहुणे फोन करतात, "केव्हा न्यायचंय?" एव्हाना कुणीतरी आत्या कुजबुजलेली असते की पोराची चिरफाड कशाला करताय. फोन घेणाऱ्या भावाकडे तेव्हा दोन्हींचं उत्तर नसतं, आणि सही तर त्याच्या वडिलांनी केलेली असते.