फोन घेताना रॅम विचारता, तशी पॅचची तारीखपण विचारा

आमच्या काउंटरवर रोज दोन-चार जण तरी येतात आणि म्हणतात, दादा, फोनमध्ये एखादा चांगला अँटीव्हायरस टाकून द्या. आम्ही फोन हातात घेतो, सेटिंग्जमध्ये जाऊन 'फोनबद्दल' उघडतो, अँड्रॉइड व्हर्जनवर टॅप करतो आणि तिथे सिक्युरिटी पॅच किंवा सिक्युरिटी अपडेटच्या समोर जी तारीख दिसते ती गिऱ्हाइकालाच वाचायला लावतो. पॅच म्हणजे फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये चुकून राहिलेल्या, चोराला आत शिरता येईल अशा फटी बुजवणारी दुरुस्ती, आणि ही तारीख म्हणजे ती दुरुस्ती कधीपर्यंतची आहे ते. मध्यंतरी एक काकू आल्या होत्या, फोनला नवीन टेम्पर्ड ग्लास, कव्हर एकदम नीटनेटकं, आत दोन बँकांची ॲप, पेन्शनचं खातं, आणि तारीख निघाली ५ ऑक्टोबर २०२१. काकू म्हणाल्या, अहो पण फोन तर मस्त चालतोय, मग बिघडलं काय? गर्दीत उभ्या उभ्या हे नीट सांगता येत नाही, म्हणून हे पत्रक छापलंय. घरी निवांत वाचा.

फोनमध्ये कॅमेरा असतो, स्क्रीन, स्पीकर, चार्जिंगचं सॉकेट, ग्राफिक्सची चिप, असं बरंच सामान असतं आणि त्या प्रत्येकाशी बोलणारा एक प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. आता ॲप आणि ड्रायव्हर यात फरक असा, की प्रत्येक ॲपला अँड्रॉइड वेगळ्या खोलीत कोंडून ठेवतं, एका ॲपला दुसऱ्याच्या खोलीत डोकावता येत नाही, माइक हवा असेल तर तुमची परवानगी लागते. ड्रायव्हर मात्र बहुतेक करून कर्नलमध्ये, सिस्टिमच्या गाभ्यात चालतो, म्हणजे या सगळ्या खोल्यांच्या चाव्या जिथे टांगलेल्या असतात तिथेच. त्यामुळे ड्रायव्हरमध्ये फट सापडली की माणूस थेट चाव्यांच्या खिळ्यापाशी पोचतो, मग तुम्ही कुठल्या ॲपला परवानगी दिली, कुठल्याला नाही, याला काही अर्थ राहत नाही, ओटीपी, फोटो, व्हॉट्सॲप सगळं उघडं. आणि अँटीव्हायरस? तोही शेवटी एक ॲपच, स्वतःच्या खोलीत कोंडलेला, त्याला ड्रायव्हरची फट बुजवता येत नाही. म्हणून आम्ही तो टाकून द्यायचे पैसे घेत नाही.

ही फट पडते कशी, ते एकदा समजून घ्या, अवघड नाही. बहुतेक ड्रायव्हर सी नावाच्या जुन्या भाषेत लिहिलेले असतात आणि त्या भाषेत मेमरीचा हिशोब प्रोग्राम लिहिणाऱ्याने स्वतः ठेवायचा असतो, जागा मागायची, वापरायची, काम झालं की परत करायची. समजा तुम्ही खोली भाड्याने दिली, भाडेकरू गेला, तुम्ही भांडी-कुंडी मोजून घेतली पण डुप्लिकेट चावी परत घ्यायची राहिली. पुढच्या महिन्यात नवीन कुटुंब आलं, कपाटात दागिने ठेवले, आणि जुना भाडेकरू त्याच चावीने आत. तांत्रिक भाषेत याला यूज आफ्टर फ्री म्हणतात, आणि फोनच्या ड्रायव्हरमधल्या गाजलेल्या फटींपैकी बऱ्याच याच जातीच्या आहेत. दुसरी जात म्हणजे मोजमाप चुकणं, जेवढी जागा घेतली त्याच्या पलीकडे लिहीत सुटणं, तिचं उदाहरण पुढे येईल.

सगळ्यात जास्त त्रास दिलाय तो ग्राफिक्सच्या ड्रायव्हरने. कारण सोपंय, स्क्रीनवर काही काढायचं तर ॲपला ग्राफिक्स चिप लागते, मग तो गेम असो नाहीतर ब्राउझर, म्हणून हे दार कुठल्याही ॲपला वाजवता येतं, परवानगी विचारत नाहीत. २०२१ मध्ये अँड्रॉइडच्या ज्या ७ फटींचा, पॅच निघायच्या आधीच, प्रत्यक्षात गैरवापर झालेला पकडला गेला त्यातल्या ५ ग्राफिक्स ड्रायव्हरमधल्या होत्या, ३ क्वालकॉमच्या ॲड्रेनोमधल्या आणि २ आर्म कंपनीच्या मालीमधल्या. ॲड्रेनो आणि माली ही ग्राफिक्स चिपची नावं. क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन चिप म्हटली की ॲड्रेनो आलं. माली हे मीडियाटेकच्या बऱ्याच चिपमध्ये, सॅमसंगच्या स्वतःच्या बऱ्याच एक्झिनॉस चिपमध्ये आणि गूगलच्या पिक्सेल ६ पासूनच्या कित्येक पिक्सेल फोनमध्ये आहे. म्हणजे आमच्या शोकेसमधला जवळजवळ प्रत्येक अँड्रॉइड यातल्या एका रांगेत बसतो.

आता खरी गोम इथे आहे, आणि हे पत्रक आम्ही मुख्यतः याच्यासाठीच काढलंय. फट सापडणं एक, ती बुजवणं दुसरं, आणि बुजवलेलं तुमच्या फोनपर्यंत येणं हे तिसरंच. गिटहब या प्रोग्रामचा कोड ठेवायच्या साइटच्या सिक्युरिटी लॅबमधले संशोधक मान यू मो यांनी जुलै २०२२ मध्ये पिक्सेल ६ वर मालीची एक फट दाखवून दिली. फोनची मेमरी कमी पडली की सिस्टिम पडून असलेली जागा काढून घेते, तशी घेतली, पण ग्राफिक्स ड्रायव्हरच्या वहीत त्या जागेचा पत्ता तसाच राहिला, वरची भाडेकरूची गोष्टच. अँड्रॉइडच्या टीमने सांगितलं की हे ठरावीक डिव्हाइसपुरतं आहे, आम्ही दुरुस्त करणार नाही, आणि प्रकरण आर्मकडे पाठवलं. आर्मने ऑक्टोबर २०२२ मध्ये दुरुस्त ड्रायव्हर काढला. आणि पिक्सेलवर, म्हणजे खुद्द गूगलच्या फोनवर, तो पॅच पोचला जानेवारी २०२३ मध्ये. सहा महिने!

त्याच वर्षी गूगलच्याच प्रोजेक्ट झिरो या फटी शोधणाऱ्या टीममधल्या यान हॉर्न यांनी मालीच्या आणखी ५ फटी कळवल्या, आर्मने जुलै-ऑगस्टमध्येच त्या बुजवल्या, आणि नोव्हेंबरमध्ये टीमने आपल्याकडचे टेस्टचे फोन तपासले तर एकावरही दुरुस्ती आलेली नव्हती. आर्म दुरुस्ती करते, मग चिपवाला ती उचलतो, मग फोन कंपनी आपल्या प्रत्येक मॉडेलसाठी वेगळी बांधते, टेस्ट करते, मग टप्प्याटप्प्याने सोडते, आणि यात कुठेतरी तुमचं स्वस्तातलं, दोन वर्षं जुनं मॉडेल रांगेत सगळ्यात मागे उभं असतं. दुरुस्ती एकदा जाहीर झाली की फट नेमकी कुठे होती हेही जगाला कळतं, म्हणजे ज्याला गैरफायदा घ्यायचाय त्याला पत्ता मिळाला आणि तुम्हाला कुलूप नाही मिळालं, हे मधले महिने सगळ्यात वाईट.

आणि या उशिराचा फायदा घेणारे खरोखर आहेत. मार्च २०२३ मध्ये गूगलच्या थ्रेट ॲनालिसिस ग्रुपने, म्हणजे असे हल्ले शोधणाऱ्या टीमने, एक प्रकरण उघड केलं, संयुक्त अरब अमिरातीतल्या फोनांवर एसएमएसने लिंक पाठवल्या जात होत्या, सॅमसंगच्या ब्राउझरमध्ये लिंक उघडली की एकामागून एक फटी वापरून शेवटी हेरगिरीचं सॉफ्टवेअर आत. त्या साखळीतली एक कडी मालीचीच होती, आर्मने ती जानेवारी २०२२ मध्येच दुरुस्त केली होती, पण डिसेंबर २०२२ मध्ये हे पकडलं गेलं तेव्हाही सॅमसंगच्या ताज्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे फोनसोबत येणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ती दुरुस्ती नव्हती. आपल्या गिऱ्हाइकांपैकी कित्येकांची मुलं दुबई-शारजाला आहेत, त्यांनाही हे वाचायला पाठवा.

मोजमाप चुकण्याचं उदाहरण सर्बियातलं. डिसेंबर २०२४ मध्ये बेलग्रेडच्या पोलिसांनी आंदोलनातल्या एका विद्यार्थ्याला ताब्यात घेतलं, त्याचा फोन काढून घेतला, सॅमसंग गॅलेक्सी ए३२, हे मॉडेल आपल्याकडेही विकायला होतं. फोन लॉक होता, तरी तो उघडला गेला. ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्क संघटनेच्या तज्ज्ञांनी नंतर तपासणी करून सांगितलं की लॉक फोन उघडायची साधनं बनवणाऱ्या सेलेब्राइट कंपनीचं उपकरण वापरून हे केलं, यूएसबीमधून फोनला वेगवेगळी उपकरणं जोडल्याचा भास करून दिला आणि त्या उपकरणांच्या ड्रायव्हरमधल्या फटी वापरल्या. त्यातली एक यूएसबी व्हिडिओ कॅमेऱ्याच्या ड्रायव्हरमधली, तिचा नोंद क्रमांक सीव्हीई-२०२४-५३१०४. त्यात काय चुकलं होतं बघा: पंगतीला पानं मांडताना एका प्रकारचे पाहुणे मोजलेच नाहीत, आणि वाढायच्या वेळी ते मात्र येऊन बसले, मग त्यांचं वाढलेलं शेजारच्याच्या पानात. ड्रायव्हरने व्हिडिओच्या एका प्रकारच्या फ्रेम जागा मोजताना धरल्या नाहीत आणि नंतर लिहिताना लिहिल्या. एवढीशी चूक, अँड्रॉइडचा कर्नल ज्या लिनक्सवर उभा आहे त्यात वर्षानुवर्षं पडून होती. अँड्रॉइडसाठी पॅच फेब्रुवारी २०२५ मध्ये आला.

आयफोनवाल्यांनीही निश्चिंत राहू नये. ॲपलच्या स्क्रीनच्या ड्रायव्हरमध्ये जुलै २०२१, ऑक्टोबर २०२१ आणि जानेवारी २०२२ अशा तीन वेळा मेमरीच्या फटी बुजवाव्या लागल्या, आणि तिन्ही वेळा ॲपलने सांगितलं की याचा गैरवापर झाला असल्याचं आमच्या कानावर आलंय. फक्त तिथे चिप, ड्रायव्हर आणि अपडेट सगळं एकाच घरचं, म्हणून पॅच जुन्या मॉडेलला पण लवकर येतो. नोटिफिकेशन आलं की 'नंतर'वर ढकलू नका एवढंच.

आता कोणी म्हणेल, आम्ही साधी माणसं, आमच्यावर कोण एवढा खर्च करणार. खरंय, या फटींचे जे वापर उघडकीस आलेत ते बहुतेक पत्रकार, कार्यकर्ते, राजकारणी अशा ठरवून निवडलेल्या लोकांवर झालेत आणि आपल्याकडे खात्यातून पैसे जातात ते जास्त करून लग्नपत्रिकेच्या किंवा आरटीओ चलनाच्या नावाने आलेली एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून थेट ॲप बसवणारी फाइल, टाकल्यामुळे, त्याला ड्रायव्हरची फट लागतही नाही, तुम्हीच परवानगी देऊन बसता. ती फाइल तर कधीच उघडू नका. पण जुन्या फटींची माहिती उघड्यावर असते, पॅच बंद झालेल्या फोनमध्ये अशा फटी वर्षागणिक साठत जातात, आणि त्याच फोनमध्ये तुमची बँक असते. आम्हाला काळजी त्याची वाटते.

मूळ दुखण्यावर औषध निघतंय, हेही सांगायला हवं. गूगलने अँड्रॉइडचा नवीन कोड रस्ट नावाच्या भाषेत लिहायला सुरुवात केली, तिच्यात जुनी चावी खिशात राहिली तर प्रोग्राम बनतानाच अडतो, आणि अँड्रॉइडच्या फटींमध्ये मेमरीच्या फटींचा वाटा २०१९ मध्ये ७६ टक्के होता तो २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आला. दुसरं औषध चिपमध्येच आहे, मेमरीच्या दर १६ बाइटच्या तुकड्याला एक छोटा शिक्का आणि चावीवरही तोच शिक्का, भाडेकरू गेला की शिक्का बदलतो, जुनी चावी लागत नाही. पिक्सेल ८ मध्ये ही सोय आली, आयफोन १७ मध्ये ॲपलने याच धर्तीवरची सोय सुरुवातीपासून चालू ठेवूनच दिली. दहा-बारा हजारांच्या फोनमध्ये हे यायला वेळ लागेल असं दिसतंय, तोवर तारीख बघत राहणं आलं.

तर तारीख कशी वाचायची. शेवटी ०१ असेल तर अँड्रॉइडचे स्वतःचे पॅच आलेत, ०५ असेल तर त्या महिन्याचे कर्नलचे आणि चिपवाल्यांचेही, म्हणजे आर्म, क्वालकॉम, मीडियाटेक यांचे. काही कंपन्या ०१ दाखवूनही ड्रायव्हरचे काही पॅच देतात, म्हणून महिना आणि वर्ष आधी बघा. तीन-चार महिने मागे असेल तर चालून जातं, वर्ष उलटलं असेल तर आमच्याकडे या. तारीख दर महिन्याला हललीच पाहिजे असंही नाही, जुलै २०२५ मध्ये गूगलच्या यादीत एकही पॅच नव्हता.

नवीन फोन घेताना मेगापिक्सेलच्या आधी विचारा की सिक्युरिटी अपडेट किती वर्षं आणि कुठल्या तारखेपासून मोजून, कारण मोजणी तुम्ही फोन घेतल्यापासून नाही, मॉडेल बाजारात आल्यापासून असते. पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस२४ पासून त्या मालिकांना ७ वर्षं सांगितलीत, स्वस्त मॉडेलना बरीच कमी. सेकंडहँड घेताना तर हे नक्कीच बघा, आमच्याकडून घ्या नाहीतर बाहेरून. आम्ही आता वापरलेल्या प्रत्येक फोनच्या डब्यावर पॅचची तारीख लिहून ठेवतो, आणि अपडेट बंद झालेला फोन असेल तर तसं तोंडावर सांगतो, मग गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. एका कंपनीचे फोन आम्ही याच कारणाने ठेवणं बंद केलं, विकल्यापासून दीड वर्षात एक पॅच नाही, डिस्ट्रिब्युटरला किती फोन केले त्याला गणती नाही.

दुरुस्तीला फोन देताना तो बंद करून द्या. स्क्रीन, बॅटरी, चार्जिंग सॉकेट बदलायला लॉकचा पिन लागत नाही, चेक करायचं असेल तर तुमच्यासमोर तुम्हीच टाका. अनोळखी माणसाच्या लॅपटॉपला केबल लावू नका. अँड्रॉइड १६ असेल तर सेटिंग्जमध्ये ॲडव्हान्स्ड प्रोटेक्शन आहे का बघा, ज्या फोनमध्ये त्याचं यूएसबी संरक्षण आहे तिथे फोन लॉक असताना नवीन केबल जोडली तर फक्त चार्जिंग होतं.

काकूंच्या फोनला पुढे अपडेट येणार नव्हतं, कंपनीने ते मॉडेल सोडून दिलं होतं. नवीन फोन लगेच घ्या असं आम्ही म्हणालो नाही. दोन्ही बँकांची ॲप त्यातून काढली, ओटीपीचं सिम मुलाच्या वापरात नसलेल्या, पण अपडेट चालू असलेल्या फोनमध्ये घातलं, आणि जुना फोन वायफायवर कीर्तन ऐकायला स्वयंपाकघरात. तुमचाही असा फोन असेल तर दुपारी दोन ते चार गर्दी नसते, घेऊन या, तारीख बघायचे आणि ॲप हलवून द्यायचे पैसे नाहीत.