रीफ टँकचं पाणी : आधी सॅलिनिटी बघा, मग बाकीचं

नवीन रीफ टँक (जिवंत कोरल म्हणजे प्रवाळ ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक) लावलेल्या बऱ्याच जणांचा आम्हाला येणारा मेसेज साधारण असा असतो, "कॅल्शियम ३७० आलंय, कुठलं लिक्विड देऊ?" आम्ही उलट विचारतो की सॅलिनिटी (पाण्याचा खारेपणा) किती आहे, आणि मोजून सांगतात तेव्हा कळतं की ३१ आहे. आता समुद्राच्या पाण्याची सॅलिनिटी साधारण ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग मीठ) असते आणि त्यात कॅल्शियम ४१०-४२० पीपीएम (दहा लाखात इतके भाग), मग तेच पाणी पातळ होऊन ३१ वर आलं तर कॅल्शियम ३७० च्या आसपास दिसणारच ना, आणि मॅग्नेशियम, केएच (पाण्यातलं कार्बोनेट-बायकार्बोनेट) पण त्याच हिशोबात खाली आलेलं असतं. अशा वेळी कॅल्शियमची बाटली घेतली तर तो एकच आकडा वर चढतो आणि बाकी सगळं तिथंच राहतं. सॅलिनिटी ३५ वर आणली की बरेचदा कॅल्शियमचा प्रश्नच उरत नाही. बाटली आम्ही विकतोच, पण गरज नसताना घेऊ नका, म्हणून हे पत्रक.

पाणी उडतं, मीठ तिथंच राहतं

१०० लिटरच्या टँकमधून रोज १ लिटर पाणी उडालं आणि दहा दिवस वर पाणीच घातलं नाही, तर ९० लिटरमध्ये १०० लिटरचं मीठ उरतं, म्हणजे ३५ ची सॅलिनिटी जवळजवळ ३९. म्हणून उडालेलं पाणी भरताना (यालाच टॉपअप म्हणतात) साधं आरओडीआय पाणीच (फिल्टरनं क्षार काढलेलं पाणी) घालायचं, मीठ कालवलेलं नाही, ही चूक सुरुवातीला खूप जण करतात. याच्या उलटही होतं, स्किमरच्या (फेसातून घाण काढणारं यंत्र) कपातून जे ओलं बाहेर काढता ते खारंच असतं, आणि काठावर, वायरींवर जो पांढरा मिठाचा थर जमतो तोही टँकमधलाच, त्यामुळे टॉपअप नीट असूनसुद्धा सॅलिनिटी हळूहळू उतरू शकते. आठवड्यातून एकदा मोजाच.

ऑटो टॉपअप (उडालेलं पाणी आपोआप भरणारा पंप) लावला असेल तर फ्लोट (पाण्याची पातळी बघणारा तरंगता स्विच) दर आठवड्याला साफ करा. आमच्या स्वतःच्या टँकमध्ये एकदा गोगलगाय फ्लोटवर चढून बसली, फ्लोट खाली दबलेला म्हणून पंप रात्रभर चालू, सकाळी सम्प (टँकला जोडलेली खालची टाकी) काठोकाठ भरलेला, सॅलिनिटी २९ आणि झोआ (एक प्रकारचे कोरल) सगळे मिटलेले. आम्ही मीठ थेट टँकमध्ये टाकलं नाही, टॉपअपच्या जागी मिठाचं पाणी देत देत रोज साधारण १ पीपीटी असं सहा दिवसांत वर आणलं. तेव्हापासून टॉपअपची टाकी मुद्दाम लहान ठेवतो, म्हणजे अडकलाच फ्लोट तरी जाऊन जाऊन किती पाणी जाईल याला मर्यादा राहते. तुम्हीही तसंच करा असं आमचं कळकळीचं सांगणं आहे.

मोजायचं कशानं? काटा हलणारा प्लॅस्टिकचा हायड्रोमीटर स्वस्त पडतो पण काट्याला बारीक बुडबुडे चिकटले की तो वर उचलला जातो आणि सॅलिनिटी आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो. रिफ्रॅक्टोमीटर घ्या. काचेवर दोन-तीन थेंब टाका, झाकण हळूच खाली सोडा, आत बुडबुडा राहिला तर पुसून परत करा, अर्धा मिनिट थांबा म्हणजे थेंब काचेच्या तापमानाला येतो, मग उजेडाकडे धरून बघा, निळा आणि पांढरा रंग जिथे मिळतात ती रेघ वाचायची. ती ३५ वर, म्हणजे स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०२६ ला हवी. कॅलिब्रेट करताना मात्र ३५ पीपीटीचं कॅलिब्रेशन लिक्विडच वापरा. आरओडीआय पाण्यावर शून्य जुळवलं तरी ३५ पाशी फरक राहू शकतो, कारण यातले बरेच रिफ्रॅक्टोमीटर मुळात साध्या मिठाच्या पाण्यासाठी बनवलेले असतात.

पाणी बदलताना

नवीन खारं पाणी बनवताना टँकचं मीठ पाण्यात टाकायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही. थोड्याशा पाण्यात खूप मीठ पडलं की कॅल्शियम आणि कार्बोनेट एकत्र येऊन पांढरी भुकटी तळाला बसते आणि ती परत विरघळत नाही. साधारण लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम लागतं, ब्रँडप्रमाणे बदलतं, त्यामुळे वजनावर विसंबू नका, शेवटी सॅलिनिटी मोजूनच ठरवा. पॉवरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप) आणि हीटर लावून पाणी काचेसारखं स्वच्छ होईपर्यंत फिरवा. नळाचं पाणी नको, त्यात तांबं असू शकतं आणि कोळंबी, गोगलगाय, कोरल यांना ते अगदी थोडंही सहन होत नाही, शिवाय फॉस्फेट आणि सिलिकेटनं शेवाळ येतं ते वेगळंच. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा) आरओडीआयच्या पाण्यात ० दाखवायला हवा, १-२ दिसायला लागलं की फिल्टरमधलं डीआय रेझिन बदला.

केएच

सॅलिनिटी जागेवर असेल तर पुढचा आकडा केएच. कोरल आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बनवतात, आणि त्यात २.८ डीकेएच (केएच मोजायचं एकक) खर्च होतं तेव्हा कॅल्शियम फक्त २० पीपीएम खर्च होतं. म्हणजे बघा, केएच ८ वरून ५.२ ला आलं, एक तृतीयांश संपलं, आणि कॅल्शियम ४२० चं ४०० झालं, जे टेस्ट किटमध्ये धड कळणारही नाही. म्हणून कॅल्शियम आठवड्यातून एकदा बघितलं तरी चालतं पण नवीन कोरल टाकले असतील तर केएच दर दोन-तीन दिवसांनी बघा.

किती ठेवायचं? समुद्रात साधारण ७ असतं, टँकमध्ये ७ ते ११ मधलं काहीही चालतं, आमचं मत ८ च्या आसपास. पण ८ की ९ यावर डोकं लावू नका, जो धराल तो स्थिर ठेवा. सोमवारी ७, गुरुवारी १०, रविवारी परत ७ असं झालं की अॅक्रोपोरा कोरलची टोकं पांढरी पडून जळतात, आणि नायट्रेट-फॉस्फेट शून्याजवळ असताना केएच वर चढवलं तर हे जास्तच होतं. एका दिवसात १ डीकेएचपेक्षा जास्त चढवू नका.

तुमच्या टँकचा रोजचा खर्च काढायचा असेल तर तीन दिवस डोसिंग (केएच-कॅल्शियम टाकणं) बंद ठेवा आणि रोज एकाच वेळी केएच मोजा. रोज ०.५ उतरत असेल तर रोज तेवढंच परत द्यायचं. १०० लिटर पाण्याला १ डीकेएच वाढवायला साधारण ३ ग्रॅम खायचा सोडा लागतो (बेकिंग पावडर नव्हे, ती वेगळी). आणि लिटर मोजताना टँकच्या बॉक्सवर छापलेला आकडा धरू नका, दगड आणि वाळूनं बरीच जागा खाल्लेली असते.

केएच आणि कॅल्शियम एकाच वेळी, एकाच जागी ओतू नका. दूध सांडल्यासारखं पाणी पांढरं झालं तर समजा दोन्ही एकमेकांना चिकटून वाया गेलं. आधी एक, वेगानं वाहत्या पाण्यात, मग निदान अर्धा तास थांबून दुसरं. आणि इतकं करूनही दोन्ही वर चढत नसतील, हीटरवर आणि पंपाच्या रोटरवर कडक पांढरा थर बसत असेल, तर मॅग्नेशियम बघा. ते १२५० ते १४०० मध्ये असलं की कॅल्शियम आणि कार्बोनेटला आपसात चिकटू देत नाही.

पीएचच्या मागे लागू नका. रात्री लाइट बंद झाले की कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच ७.९ ला येतो, दिवसा ८.२-८.३, हे नॉर्मल आहे. सतत कमीच राहत असेल तर आधी खोलीची खिडकी उघडून बघा, बंद खोलीत माणसांच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइडच पाण्यात उतरतो. पीएच वाढवायची पावडर टाकत राहिलात तर केएच विनाकारण चढेल.

नायट्रेट २ ते १० पीपीएम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम ठेवा. दोन्ही पूर्ण शून्य करायच्या नादात डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्म जीवांची तपकिरी, बुडबुडे धरलेली शेंबडासारखी चिकट साय वाळूवर आलेली आम्ही खूप टँकमध्ये पाहिली आहे.

आमच्याकडे पाणी तपासायला आणताना बाटली साबणानं धुऊ नका, टँकच्याच पाण्यानं तीनदा खळबळून घ्या, पाण्याखाली धरून गच्च भरा आणि आतच झाकण लावा. पाणी कधी भरलं आणि शेवटचा डोस कधी दिला ते बाटलीवर लिहा. पीएच मात्र घरी टँकवरच मोजा, बाटलीत तो बदलतो. रिफ्रॅक्टोमीटर पण सोबत आणा, कॅलिब्रेशन आम्ही तिथंच बघून देऊ, त्याचे पैसे घेत नाही.