खिशातला कीबोर्ड कोकणात मराठी लिहायला उशिरा का लागला

मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा करायचा, पिशवीतून घडीचा कीबोर्ड काढायचा आणि बसल्या जागेवरून बातमी, ग्रामसभेचं इतिवृत्त नाहीतर आंब्याच्या पेट्यांची यादी टाइप करून पाठवून द्यायची. कोकणात आता याचं कुणाला नवल वाटत नाही. पण पूर्ण आकाराचा, चार घड्यांचा, खिशात मावणारा कीबोर्ड १९९९ सालीच बाजारात आला होता. हातात मावणारे ऑर्गनायझर, म्हणजे नंबर-पत्ते नोंदवायची छोटी यंत्रं, तर त्याच्याही पंधरा वर्षं आधीचे. यंत्र तयार होतं, त्याला जोडायचा कीबोर्ड तयार होता, आणि तसली यंत्रं आखातातून कोकणात येतही होती. तरी मराठी लिहिणाऱ्याला त्यांचा उपयोग व्हायला आणखी बारा-पंधरा वर्षं गेली. एवढा वेळ नेमका कशात गेला, ते पाहण्यासारखं आहे.

सुरुवात इंग्लंडात झाली. सायॉन या कंपनीने १९८४ मध्ये 'ऑर्गनायझर' नावाचं यंत्र काढलं. एका ओळीचा पडदा, आणि बटणं टाइपरायटरच्या क्रमाने नव्हे तर ए, बी, सी, डी अशी सरळ मांडलेली. आज पाहिलं तर जाडजूड कॅल्क्युलेटरच वाटेल. नंबर, पत्ते, भेटीच्या वेळा नोंदवायच्या हीच त्याच्याकडून अपेक्षा होती, आणि तेवढ्यासाठी एका बोटाने टाइप करणं चालून जातं. अडचण येते ती सलग लिहायचं म्हटल्यावर. याच सायॉनने १९९७ मध्ये 'सिरीज ५' काढून त्यावर उत्तम तोड काढली. झाकण उघडलं की कीबोर्ड आपोआप पुढे सरकायचा आणि पडदा त्याच्या मागच्या कडेवर रेलायचा, त्यामुळे जोरात टाइप केलं तरी यंत्र मागे कलंडत नसे. दोन पेन्सिल सेलवर चालणारं, कोटाच्या खिशात जाणारं हे यंत्र. माझ्या मते खिशातल्या कीबोर्डची इतकी विचारपूर्वक केलेली रचना नंतर क्वचितच झाली.

अमेरिकेतल्या बातमीदारांना असं यंत्र त्याच्याही आधी मिळालं होतं. १९८३ चं 'टीआरएस-८० मॉडेल १००' वहीच्या आकाराचं होतं, चार पेन्सिल सेलवर चालायचं, आणि आतच मोडेम असल्यामुळे लिहिलेला मजकूर फोनच्या तारेवरून थेट कचेरीत धाडता यायचा. तेव्हा आपल्याकडचा तालुक्याचा बातमीदार काय करत होता? कागदावर बातमी लिहून पाकीट एसटीच्या ड्रायव्हर-कंडक्टरच्या हाती देत होता. अगदीच तातडीचं असेल तर तार, नाहीतर ट्रंक कॉल लावून ओरडून मजकूर सांगायचा. नंतर एसटीडीची दुकानं आली, पाठोपाठ फॅक्स आला. फॅक्सची मोठी सोय अशी की त्याला लिपीशी काही देणंघेणं नव्हतं. हाताने लिहिलेली मोडकीतोडकी मराठीही तो जशीच्या तशी पोचवायचा. फॅक्सने आपल्याकडे इतकी वर्षं तळ ठोकला त्याचं कारण हे.

ऑर्गनायझर कोकणात आले ते दुकानातून कमी आणि बॅगेतून जास्त. खेड, चिपळूण, दापोली, मंडणगड, श्रीवर्धन, म्हसळा या पट्ट्यातली किती घरं आखातातल्या नोकऱ्यांवर उभी राहिली हे इथल्या माणसाला सांगायला नको. सुट्टीवर येणाऱ्याच्या सामानात टेपरेकॉर्डर, अत्तर, कांबळी यांच्या जोडीला नव्वदीत डिजिटल डायरी दिसू लागली. ती बहुधा कॅसिओची असे. झाकण उघडलं की एका बाजूला पडदा, दुसऱ्या बाजूला इवलीशी बटणं. गुप्त नंबरासाठी पासवर्डचा कप्पा होता, त्याचंच अप्रूप जास्त. बटणसेल दोन असत, एक चालवायचा आणि एक राखीव. दोन्ही संपले की पाठ न केलेले सगळे नंबर गेले. नावं अर्थात इंग्रजी अक्षरांत. आंब्याच्या दलालाला, ट्रॉलरवाल्याला तेवढं पुरे होतं, कारण नाव आणि नंबर यापलीकडे त्यात काही लिहायचंच नव्हतं.

मग आला पाम, तळहाताएवढा ऑर्गनायझर. पामचे संस्थापक जेफ हॉकिन्स यांनी यंत्र बनवण्याआधी खिशात बसेल एवढा लाकडी ठोकळा बरोबर बाळगून आकार ठरवला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. मार्च १९९६ मध्ये पामची तेव्हाची मालक कंपनी यूएस रोबोटिक्सने 'पायलट १०००' आणि 'पायलट ५०००' बाजारात आणले. मेमरी १२८ आणि ५१२ किलोबाइट. १६० गुणिले १६० ठिपक्यांचा पडदा, दोन बारीक सेल, आणि बटणांचा कीबोर्ड नाहीच. लिहायचं काडीने, पडद्याखालच्या चौकोनात, एकावर एक अक्षर गिरवत. या लिपीचं नाव ग्राफिटी. प्रत्येक अक्षर हात न उचलता एका फटकाऱ्यात काढायचं, त्यामुळे यंत्राला एक अक्षर कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं हे ओळखायची भानगड उरत नसे. युक्ती हुशारीची होती. फक्त त्यात पानभर लिहून पाहा म्हणजे बोटं काय म्हणतात ते कळेल.

जे यंत्र कीबोर्ड टाकून दिल्यामुळे खपलं, त्याचेच मालक दोन वर्षांत त्याला कीबोर्ड शोधू लागले. १९९८ मध्ये लँडवेअर कंपनीचा 'गोटाइप' आला. तो एकसंध आणि आखूड होता. खरी कमाल केली ती 'थिंक आउटसाइड' या कंपनीच्या 'स्टोअवे'ने, १९९९ मध्ये. मिटलेला असताना तो पामपेक्षा फार मोठा दिसत नसे, वजन सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. उघडायची रीत अशी: खटका सोडून दोन्ही बाजू ओढल्या की चार फळ्या नागमोडी उलगडतात, मग दोन्ही टोकं आत सरकवून घट्ट बसवायची, म्हणजे मधल्या फटी मिटून अखंड कीबोर्ड तयार. कळा लॅपटॉपएवढ्याच मोठ्या, दाबल्यावर खाली जाणाऱ्या. वरच्या कडेला सरकून बाहेर येणारा पाळणा, त्यात पाम उभा ठेवायचा. कीबोर्डला स्वतःचे सेल नाहीत. लागेल तेवढी वीज तो पामकडूनच घ्यायचा. किंमत ९९ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने साडेचार हजारांच्या घरात, वर कस्टम वेगळं. फक्त तो मांडीवर चालत नसे. चार फळ्यांचा कणा मधेच वाकायचा, त्याला सपाट टेबल लागायचं. एसटीच्या सीटवर बसून लिहीन म्हणणाऱ्याचा तो नव्हे.

दुसरी खोट जोडणीची. 'पाम थ्री'चा जोड वेगळा, 'पाम फाइव्ह'चा वेगळा, पामचीच प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) वापरणाऱ्या हँडस्प्रिंग कंपनीच्या 'व्हायझर'चा तिसराच, आणि २००१ मध्ये 'एम ५००' बरोबर पामने पुन्हा नवा जोड आणला. यंत्र बदललं की चांगला चालता कीबोर्ड कपाटात. शिवाय यंत्राच्या खालच्या कडेला उघड्या धातूच्या पट्ट्या. किनाऱ्यावरच्या ओल्या, खाऱ्या हवेत अशा पट्ट्यांवर काळपट थर धरायला वेळ लागत नाही. टीव्हीच्या रिमोटचे सेल ज्याने खोडरबराने घासलेत त्याला हे वेगळं सांगायला नको. जोडाची कटकट टाळायला पुढे इन्फ्रारेडवर चालणारे कीबोर्ड आले. २००३ मध्ये ब्लूटूथवर कीबोर्ड आणि माउस कसे बोलतील याचे नियम पक्के झाले, आणि मग कोणताही कीबोर्ड कोणत्याही यंत्राला चालण्याची वाट मोकळी झाली.

हे सगळं झालं यंत्राचं. आपल्याला अडवलं होतं लिपीने. पामची प्रणाली एका अक्षराला एक बाइट या हिशेबाने चाले आणि तिचा अक्षरसंच पश्चिम युरोपातल्या भाषांपुरता होता. देवनागरीत नुसती अक्षरं रांगेत मांडून भागत नाही. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर येते पण दिसते आधी, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, जोडाक्षरात अर्ध्याचा आकार बदलतो. हे सगळं जुळवून दाखवायचं काम प्रणालीने करायला हवं. ते होत नसेल तर हात कितीही भरभर चालोत, पडद्यावर काय येणार?

गंमत अशी की कीबोर्डवर मराठी कशी बसवायची हा प्रश्न आपल्या देशात कधीच सुटला होता. सगळ्या भारतीय लिप्यांसाठी एकच मांडणी, इनस्क्रिप्ट, १९८६ मध्येच ठरली होती. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था सुरू झाली, आणि भारतीय लिप्या संगणकात साठवायचं 'इस्की' मानक १९९१ मध्ये पक्कं झालं. त्याच वर्षी युनिकोडची, म्हणजे जगभरच्या लिप्यांसाठीच्या एकाच मानकाची, पहिली आवृत्ती आली. तिने देवनागरीची रचना इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरूनच घेतली. इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि काने-मात्रे डाव्या हाताकडे, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताकडे. इंग्रजी कीबोर्डवर 'रत्नागिरी' लिहून पाहा: जे, एल, डी, व्ही, ई, आय, एफ, जे, आर. यातला डी म्हणजे पाय मोडायची कळ. नऊ कळा आणि शिफ्ट एकदाही नाही.

मग अडलं कुठे? एक तर आपल्याकडचे टायपिस्ट रेमिंग्टन मांडणीवर तयार झालेले. टंकलेखनाच्या क्लासात मिनिटाला ३० किंवा ४० शब्दांची मराठी परीक्षा देऊन बाहेर पडलेल्याच्या बोटांना वेलांटी आधी मारायची सवय, कारण टाइपरायटर जसं दिसतं तसं छापतो. इनस्क्रिप्टला ती उच्चाराप्रमाणे नंतर लागते. एकदा बसलेला हात मोडणं हे नव्याने शिकण्यापेक्षा अवघड. दुसरं म्हणजे छपाईच्या धंद्यात जो तो आपला फॉन्ट घेऊन बसला होता. प्रत्येक फॉन्टची आतली मांडणी निराळी, त्यामुळे एका दैनिकाच्या फॉन्टमधला मजकूर दुसरीकडे उघडला की नुसते चौकोन आणि चिन्हं. नव्वदीच्या अखेरीस जिल्ह्याच्या ठिकाणाहून ईमेल जायला लागल्यावरही बातमीच्या मागोमाग फॉन्ट पाठवावा लागे, नाहीतर सरळ छापून फॅक्स. संगणकांचीच ही तऱ्हा, तिथे खिशातल्या यंत्राची काय कथा.

आपल्या भाषांसाठी हातातलं यंत्र बनवायचा एक मोठा प्रयत्न बंगळुरात झाला. भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक आणि एन्कोअर कंपनीतले अभियंते यांनी आखलेला 'सिंप्युटर' लिनक्स या प्रणालीवर चालायचा आणि मुळातच अनेक भाषांसाठी होता. पण तो दुकानात पोचेपर्यंत २००४ साल उजाडलं. तोवर रिलायन्सचे मोबाइल गावोगाव पोचले होते आणि ज्याला त्याला फोनच हवा होता. मोबाइलवरच्या मराठीचाही तेव्हा वेगळाच जाच होता: इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरी लिहिलं की मर्यादा ७० वर येते, आणि त्यात काना-मात्राही मोजतात. साहजिकच लोक इंग्रजी अक्षरांत मराठी लिहू लागले. ती खोड अजून गेलेली नाही.

हॉकिन्स यांनी मात्र कीबोर्डचा नाद सोडला नव्हता. मे २००७ मध्ये पामने 'फोलिओ' जाहीर केला: फोनला जोडायचा मोठा पडदा आणि पूर्ण कीबोर्ड. सप्टेंबरमध्ये कंपनीने तो विक्रीला येण्याआधीच रद्द केला. त्याच जूनमध्ये आयफोन आला होता, बटणांशिवाय.

गाठ सुटली ती स्मार्टफोनमुळे, आणि तीही टप्प्याटप्प्याने. २०१० मध्ये आयफोनला ब्लूटूथ कीबोर्ड चालू लागला. २०११ मध्ये अँड्रॉइडला यूएसबीच्या तारेने कीबोर्ड जोडता येऊ लागला आणि त्याच वर्षाखेरच्या चौथ्या आवृत्तीपासून देवनागरी पडद्यावर धड दिसू लागली. त्याआधीच्या स्वस्त फोनवर जोडाक्षरं सुटी पडायची आणि वेलांट्या भलत्याच अक्षराला चिकटायच्या. युनिकोडमुळे आता लिहिलेलं दैनिकाच्या डेस्कवर जसंच्या तसं उघडतं, फॉन्ट पाठवावा लागत नाही. स्टोअवेची चार फळ्यांची युक्ती तीन किंवा दोन घड्यांच्या स्वस्त कीबोर्डांनी उचलली.

एका बाबतीत जुनं यंत्र वरचढ होतं. पाम दोन बारीक सेलवर कित्येक आठवडे चालायचा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीत बरेच दिवस लाईट नव्हती आणि टॉवरही बंद होते. तिथे चार्जिंगवरचा फोन आणि चार्जिंगवरचा कीबोर्ड, दोन्ही सारखेच निकामी. पाम असता तर निदान इंग्रजी अक्षरांत लिहिता आलं असतं. पाठवता अर्थात आलं नसतं.

२०१७ मध्ये गूगलने मराठीत बोलून लिहायची सोय दिली आणि बऱ्याच जणांनी टाइप करणंच सोडलं. पण मालवणी वळणाचं बोलणं आणि हर्णै, आडिवरे, वायंगणी अशी गावांची नावं यांत ती अजून ठेचकाळते. पंचनाम्याची आकडेवारी बोलून घालायची तर दर दोन शब्दांना मागे जावं लागतं. तिथे कीबोर्डच बरा. तो जोडल्यावर फोनच्या सेटिंगमध्ये बाहेरच्या कीबोर्डची मांडणी वेगळी निवडावी लागते, कारण पडद्यावरचा मराठी कीबोर्ड बाहेरच्या कळांना लागू होईलच असं नाही. काही फोनांत त्यासाठी निराळं ॲप टाकावं लागतं. विकत मिळणाऱ्या घडीच्या कीबोर्डवर बहुधा इंग्रजी अक्षरंच छापलेली असतात. देवनागरीचे स्टिकर मिळतात, पण जूनच्या दमट हवेत त्यांच्या कडा सुटायला लागतात, त्यामुळे ज्याला कळांकडे न बघता इनस्क्रिप्ट येते त्याचंच काम भरभर होतं.